जाण्याची क्रियापदं

माझ्या मावशीला फोन केला की पलीकडून कोणी बोलायचंच नाही. फोन उचललाय हे कळायचं, श्वास ऐकू यायचा, खालच्या रस्त्यावरची एखादी मोटरसायकल ऐकू यायची, पण 'हॅलो' नाही. नवखा माणूस गडबडून फोन ठेवून द्यायचा. आम्हा घरच्यांना सवय झाली होती. आपणच सुरुवात करायची, 'मावशी, मी बोलतेय,' की मग ती श्वास सोडून म्हणायची, 'हां, बोल गं.'

ही सवय तिला जन्मापासूनची नव्हती. एका फोनने लावलेली होती.

तेव्हा ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची ती जड, गोल फ्रेम चढवायची, एकामागून एक काचा सरकवायच्या आणि विचारायचं, 'हे बरं दिसतंय, की हे?' दिवसभर हाच प्रश्न. माझी आई, म्हणजे तिची थोरली बहीण, चेष्टा करायची की हिला लग्नासाठी मुलगा दाखवला तेव्हाही हिने तसंच विचारलं असेल. मुलगा जहाजावर इलेक्ट्रिशियन होता. उंच, किडकिडीत, डावी भुवई मधोमध तुटलेली. आम्ही त्यांना काका म्हणायचो. कुणाकडे चहाला गेले तरी काकांची नजर आधी छताकडे. दिवा फडफडताना दिसला की चहा गार होवो नाहीतर विष होवो, हे स्टुलावर. वर्षातले बरेच महिने समुद्रावर काढायचे. घरी असले की आमचे रेडिओ, इस्त्र्या, पंखे, सगळे आजारी पडून त्यांच्याकडे यायचे.

लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील. एके दिवशी जहाज कंपनीचा माणूस दुकानात आला. मावशीला वाटलं, डोळे तपासायला आलाय. तो उभ्या उभ्या म्हणाला, 'जहाज बंदरातून निघालं तेव्हा तुमचे मिस्टर जहाजावर नव्हते.'

'नव्हते म्हणजे? कुठे होते?'

'ते आम्हाला ठाऊक असतं तर मी कशाला आलो असतो, बाई? उतरले ते परत चढलेच नाहीत. असं करतात बरेचजण. चांगला देश दिसला की राहून जातात.' जाताना दाराशी थांबून त्याने एवढी माहिती दिली की तिकडे स्पॅनिश बोलतात.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. काका आणि पळून जाणार? ज्या माणसाला नवीन साबणसुद्धा चालायचा नाही तो? पण रात्र पडली की मन फितूर होतं. कंपनीच्या माणसाने टाकलेला तो काटा आत रुतून बसला.

त्या दिवसांत आमच्याच गल्लीत खोदकाम चाललेलं, त्यामुळे मावशीच्या घरचा फोन कित्येक आठवडे मेलेला होता. तक्रारी करून करून तिने हात टेकले होते. अखेर एका सकाळी लाइनमन आला, वायर जोडून गेला, आणि त्याच दुपारी फोन वाजला. सासूबाई आत झोपलेल्या. मावशीने धावत जाऊन उचलला. आधी नुसती खरखर. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. तिने काकांचं नाव घेतलं. चुकीच्या ठिकाणी जोर देऊन घेतलं, पण नाव त्यांचंच. त्यापुढे भराभर काहीतरी बोलली. मावशीला एक अक्षर कळेना. ती आपली ओरडत राहिली, 'येस, येस! हॅलो! येस!' म्हातारी थांबली. काहीतरी पुटपुटली. आणि फोन बंद झाला.

तेव्हा आलेला नंबर दिसायची सोय नव्हती. एक्स्चेंजमधल्या बाईने सांगितलं, परदेशातून होता, बाकी काही सांगता येणार नाही.

मावशीच्या कानात म्हातारीच्या बोलण्याचा एकच तुकडा उरला. सेफ्वेकासा. तिला ते शब्द म्हणून नाही, नुसता नाद म्हणून आठवत होतं, जसं बंद दाराआडचं भांडण आठवावं. सेफ्वेकासा. ती भांडी घासताना म्हणायची, गिऱ्हाइकाच्या काचा बदलताना मनात म्हणायची. विसरू नये म्हणून.

घरात सासूबाई. त्या बोलायला फटकळ होत्या, पण सुनेवर जीव. शेजारची कोणीतरी भेटायला आली आणि हळहळून म्हणाली, 'असा कसा हो गेला!' तशा सासूबाई उसळल्या. 'गेला नाही, गेलाय. गेला आणि गेलाय यातला फरक कळत नसेल तर आपल्या घरी जा.' बिचारी चहा न पिता उठली. त्यानंतर त्या घरात 'गेला' हा शब्दच कोणी काढत नसे. दूध नासून गेलं, लाइट गेली, पाहुणे गेले, काहीही बोलायचं तर आम्ही वाक्य फिरवून बोलायचो.

मावशीने स्पॅनिशचा क्लास शोधून काढला. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत, एक म्हातारे सर शिकवायचे. खालून यंत्रांची धडधड, त्यामुळे सरांचा आवाज कायम चढलेला. पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येकाला विचारलं, कशासाठी शिकायचंय? कोणी नोकरीसाठी, कोणी हौसेसाठी. मावशी म्हणाली, 'मला फक्त एका वाक्याचा अर्थ हवाय.' आणि तो नाद म्हणून दाखवला.

सरांनी चष्मा काढला. पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, 'फ्वे ऐकू आलं हे नक्की?'

'नक्की.'

'कोणतं फ्वे पण? होण्याचं की जाण्याचं? दोन्ही क्रियापदांचा भूतकाळ एकच आहे. तो होता, फ्वे. तो गेला, तेही फ्वे.'

सरांनी फळ्यावर लिहायला घेतलं. 'आधीचं 'से' खरं असेल तर मग जाण्याचंच. आता, से फ्वे आ कासा, म्हणजे घरी गेला. से फ्वे दे कासा, म्हणजे घर सोडून गेला. आणि मध्ये एक बारीकसं 'नोस' असेल, से नोस फ्वे, तर...' सर थांबले. त्यांना तोवर ना जहाज माहीत होतं ना काका, पण तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं असावं. 'तर आम्हाला सोडून गेला. म्हणजे वारला. बाई, इथे एका अक्षराने ध चा मा होतो. नीट आठवा. मधे काय ऐकलंत? आ? दे? नोस?'

चष्म्याच्या दुकानात दिवसभर ती जे लोकांना विचारायची तेच आता तिला कोणीतरी विचारत होतं, आणि तिला सांगता येत नव्हतं.

खरी पीडा तिथून सुरू झाली. 'आ' शिकली त्या आठवड्यात तिला म्हातारीच्या बोलण्यात स्वच्छ 'आ' ऐकू आला. घरी गेला! वाटेत असतील. तिने खोलीचे पडदे धुतले. पुढच्या आठवड्यात 'दे' आलं आणि आठवणीतही 'दे' येऊन बसलं, जणू पहिल्यापासून तिथेच होतं. मग कधीतरी बसमध्ये उभी असताना म्हातारी अगदी कानाशी 'नोस' म्हणाली. मावशी मधल्याच थांब्यावर उतरली आणि फुटपाथवर बसून राहिली. आईला म्हणाली, 'ताई, मी जेवढं शिकतेय तेवढं ते वाक्य खराब होतंय गं. अडाणी होते तेव्हा ते अख्खं होतं.'

आई म्हणाली, 'मग सोड तो क्लास.'

'सोडलं तर ती बोलायची थांबेल.'

ती म्हणजे म्हातारी. मावशी तिच्याविषयी असंच बोलायची, घरात राहणाऱ्या माणसाविषयी बोलावं तसं. आज गप्प आहे. आज सकाळपासून चालू आहे. दुपारी तर ती हमखास यायची म्हणे, विशेषतः घर शांत असलं की. म्हणून मावशीच्या घरी दुपारभर रेडिओ सुरू असायचा, कोणी ऐको न ऐको.

वेड लागेल असं आम्हाला वाटलं होतं. लागलं नाही. उलट तिला ती भाषा अशी काही आली की सरांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी क्लास तिच्याच हाती दिला. चष्म्याचं दुकान सुटलं. मीसुद्धा एक वर्ष तिच्याकडे शिकले. तिची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती, सारख्या दिसणाऱ्या क्रियापदांतला फरक. दोन वाक्यं फळ्यावर लिहायची आणि विचारायची, 'हे, की हे?' जुनी खोड. 'साबेर' आणि 'कोनोसेर' आलं की मुलं डोकं खाजवायची. ती म्हणायची, 'अरे, इंग्रजीतून कशाला शिरताय? आपल्याकडे दोन दारं आहेत ना. मला त्याचा पत्ता माहीत आहे, साबेर. मी त्याला ओळखते, कोनोसेर. पत्ता ओळखता का कधी?' मागणं आणि विचारणं, 'पेदीर' आणि 'प्रेगुंतार', हेही तसंच. तिथे मराठी मुलं कधी चुकायची नाहीत. चुकायची ती 'सेर' आणि 'एस्तार'ला, कारण आपल्याकडे दोन्हींना मिळून एकच 'आहे'. मूळचा जो आहे तो सेर. सध्या ज्या अवस्थेत, ज्या जागी आहे तो एस्तार.

एक पोरगी होती, नर्सिंग केलेली, परदेशी जाणार होती. तिने विचारलं, 'टीचर, मेलेल्याला एस्तार का मग? एस्ता म्वेर्तो. मेलेला माणूस काय सध्या मेलेला असतो? उद्या बरा होणार आहे का?' वर्ग खो खो हसला.

मावशीने खडू खाली ठेवला. म्हणाली, 'ते अवस्थेचं क्रियापद आहे. किती दिवस टिकेल, ते त्याला विचारायचं नसतं.' आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. खालच्या छापखान्याचं यंत्र तेवढ्यात बंद पडलं आणि त्या शांततेत तिने मान एकदम वळवली, कोणी हाक मारल्यासारखी. मग तास लवकर सोडला.

दरम्यान तिने काय काय केलं नाही? भाषा जिभेवर बसल्यावर त्या बंदरातल्या दवाखान्यांना, पोलिसांना, खानावळींना फोन लावले. पण काकांचं नाव त्या लोकांच्या तोंडी बसायचं नाही, आणि बसलं तरी त्या नावाचा कोणी कोणाला आठवत नव्हता. सासूबाई थकत गेल्या. शेवटच्या दुखण्यात त्यांनी सुनेचा हात धरला आणि एवढंच म्हणाल्या, 'तू दुसरं लग्न करायला हवं होतंस. मी आड आले.' मावशी म्हणाली, 'तुम्ही नाही हो.' कोण आड आलं होतं ते दोघींनाही ठाऊक होतं.

माझं लग्न झालं, मुलं झाली, मावशीचे केस पांढरे झाले. मग हे इंटरनेट आलं. जगभर विखुरलेले लोक आपापल्या जुन्या गल्लीचे गट करून तिथले फोटो टाकायला लागले. तिच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने तिला त्या बंदराच्या जुन्या रहिवाशांचा एक गट शोधून दिला. तिने तिथे चार ओळी टाकल्या. बंदराजवळ पूर्वी कधी एक परदेशी खलाशी राहिला होता का? विजेची कामं करणारा, उंच, डावी भुवई तुटलेली. त्याच्या बायकोला ज्यांनी त्याला पाहिलं त्यांना भेटायचं आहे. एवढंच. हरवलाय, असं तिने लिहिलं नाही. तो शब्द लिहायला तिचा हात धजला नाही.

उत्तर आलं तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. स्क्रीनवर एकच ओळ होती. तो आमच्या घरी राहिला होता, जरूर या. खाली पत्ता.

'हे बघ,' ती स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली. 'राहिला. मराठीत एकच राहिला. पण ह्या बाईने केदार्से लिहिलंय, बिबिर नाही. म्हणजे बिऱ्हाड केलं नव्हतं. मुक्कामाला होते. थांबले होते.'

'मावशी, फोन नंबरही दिलाय. आत्ता लाव ना.'

'फोनवर नको,' ती म्हणाली.

आम्ही दोघी गेलो. मोठा प्रवास होता, त्याचं वर्णन नको. बंदरामागे चढाची गल्ली, दोन्हीकडे उंच अरुंद घरं, तळमजल्यांना गाळे. एका गाळ्यात बटणं आणि दोऱ्याचं दुकान. दुकानातून जिना वर जात होता. दुकानात साठी उलटलेली, जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक बाई बसली होती. मावशीने स्वतःची ओळख सांगितली. ती बाई उठली, लगबगीने पुढे आली, मावशीचे दोन्ही गाल धरले. मग तिने मावशीच्या खांद्यावरून मागे पाहिलं. माझ्याही मागे, गल्लीत पाहिलं.

'ते कुठे आहेत? आले नाहीत?'

मला एवढं स्पॅनिश कळत होतं. मला वाटलं माझ्या ऐकण्यात घोळ झालाय. मी मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा खडूसारखा.

'कसे आहेत ते?' बाईने विचारलं. ती हसत होती. 'पाय दुखत असतील आता. म्हातारे झाले असतील ना, आपल्यासारखे. बसा, बसा. किती वर्षं आम्ही त्यांची गोष्ट सांगतोय सगळ्यांना!'

मावशी बसली. नुसतं म्हणाली, 'आधी मला ती गोष्ट सांगा.'

ती बाई घरमालकिणीची मुलगी. आई केव्हाच वारली होती. तिने जे सांगितलं ते असं. काका बंदराच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरून पडले. डोक्याला मार लागला. दवाखान्यात शुद्धीवर आले तोवर जहाज निघून गेलेलं, कागदपत्रं सगळी जहाजावर. दवाखान्यातल्या एका आयाने त्यांना या घरी आणून सोडलं, वरच्या मागच्या खोलीत. मधूनच चक्कर यायची, भिंतीला धरून उभे राहायचे. पण जरा बरं वाटलं की घरातली एकेक तार बघायला लागले. भाड्याच्या बदली सगळ्या घराची वायरिंग नवी केली. रोज सकाळी बाहेर पडायचे, बंदरावर जहाजाची चौकशी करायला आणि टेलिफोनच्या बूथवर.

'घरी फोन लावायला,' ती म्हणाली. 'रोज. लागायचाच नाही. येऊन हात असे हलवायचे.' तिने हात हलवून दाखवले.

मावशीने डोळे मिटले. तो खोदलेला रस्ता मलाच इतका स्पष्ट दिसला, तर तिला काय दिसलं असेल!

'आणि गंमत सांगते,' बाई खुलून म्हणाली. 'रोज निघताना दारात उभे राहून म्हणायचे, बेंगो! आणि चालू लागायचे. आम्ही हसून लोटपोट. बेंगो म्हणजे मी इकडे येतोय. जाणारा माणूस असं म्हणेल का? असं का म्हणायचे हो ते?'

'आमच्याकडे घरातून निघताना जातो म्हणत नाहीत,' मावशी म्हणाली. 'येतो म्हणतात.'

'असं होय! आईने त्यांना शिकवलं. बेंगो नाही, मे बोय म्हणायचं. मी निघालो. किती दिवस शिकवत होती. आणि एका सकाळी म्हणाले की हो. दारात ताठ उभे राहून, शाळेतल्या मुलासारखे. मे बोय, सेन्योरा. आईने टाळ्या वाजवल्या. आणि संध्याकाळी ते आले नाहीत.'

दुकानात कोणीतरी बटणं घ्यायला आलं. बाईने त्याला हातानेच नंतर ये म्हटलं.

'आईला कळेना. शिकवलेलं म्हणून दाखवलं, की खरंच निरोप घेतला? दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. पोलिसांत जाऊ या म्हणून मी मागे लागले. आई म्हणाली, थांब, जहाज मिळालं असेल, पोहोचू दे, आधी घरी विचारू. त्यांनी तिला नंबर देऊन ठेवला होता. पंधरा दिवसांनी आम्ही दोघी पोस्टात गेलो. आणि पहिल्याच झटक्यात लागला की हो! आईने विचारलं, से फ्वे आ कासा?'

ती ते वाक्य म्हणाली आणि शेवटचा 'कासा' वर उचलला, हलकेच, जसा प्रश्नात उचलतात. तो घरी गेला का?

मावशी इतकी वर्षं तीनही अर्थ घोकत राहिली होती. म्हातारी काही सांगत नसून विचारत असेल, हे सरांच्या, तिच्या, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. शब्द तेच. फक्त सूर वेगळा. आणि सूर तेवढा तिच्याकडून निसटला होता.

'आणि तुम्ही म्हणालात, येस! येस, येस!' बाईने मावशीचे हात धरले. 'तेवढं इंग्रजी आईला येत होतं. देवाचे आभार मानून तिने फोन ठेवला. बाहेर येऊन मला मिठी मारली. म्हणाली, पोहोचला गं. बायको केवढ्या आनंदात ओरडत होती! मग कशाचे पोलीस आणि कशाचं काय.'

वर कुठेतरी नळ टपटपत होता. मावशीला खोटं बोलता आलं असतं. बरे आहेत म्हणाली असती तर ती बाई उरलेलं आयुष्य ती गोष्ट सांगत राहिली असती. मावशी बराच वेळ तिच्या हातांकडे पाहत होती. मग हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, 'ते पोहोचले नाहीत.'

'म्हणजे?'

'कधीच नाही.'

बाईने हात काढून घेतले. 'पण तुम्ही हो म्हणालात.'

'मला तेव्हा तुमची भाषा येत नव्हती.'

तिने तोंडावर पदर घ्यावा तसा गळ्यातला रुमाल घेतला. मी जाऊन दुकानाचं शटर अर्धं ओढलं. दुसरं काही सुचलं नाही मला.

बऱ्याच वेळाने ती आम्हाला वर घेऊन गेली. मागची खोली आता अडगळीची होती, बटणांचे खोके छतापर्यंत. दाराशी दिव्याचं बटण होतं, तिथल्या मानाने उलटं, आपल्या घरच्यासारखं बसवलेलं. वर केलं की दिवा बंद, खाली केलं की चालू. बाई म्हणाली, हे त्यांनीच बसवलेलं, आईने कधी बदलू दिलं नाही. मावशीने ते खाली केलं. दिवा लागला. वर केलं. पुन्हा खाली. मी जिन्यात जाऊन थांबले.

मला मुलांसाठी परत यावं लागलं. मावशी महिनाभर तिथेच राहिली, त्या बाईबरोबर, त्याच घरात. दोघी मिळून बंदरावर, दवाखान्यात, पोलिसांत फिरल्या. शेवटी गावाबाहेरच्या दफनभूमीत पोहोचल्या. तिथला रखवालदार आपल्या बापाच्या जागी आलेला होता. भिंतीकडची एक गवत माजलेली पट्टी दाखवून तो म्हणाला, बंदराच्या पाण्यात सापडलेले, ज्यांना विचारत कोणी आलं नाही ते इथे. त्या साली बापाने एका उंच परक्या माणसाविषयी घरी सांगितल्याचं त्याला आठवत होतं, अंगावर मापात न बसणारा, दुसऱ्याचा सदरा होता म्हणाला. बाईच्या आईने काकांना वडिलांचे जुने सदरे घालायला दिले होते, तो त्यातला असू शकतो. नसूही शकतो. पट्टीत नेमकं कुठे, ते त्यालाही सांगता आलं नाही. मावशीने पट्टीच्या एका टोकापासून गवत उपटायला घेतलं. बाईने दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.

परत आल्यावर हे सगळं तिने मला एका बैठकीत सांगितलं. निघायच्या दिवशी ती बाई बसथांब्यापर्यंत आली होती. बस दिसायला लागली तशी म्हणाली, 'तुम्ही आलात हे बरं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही. आईचं ते हसू मी आता आठवूच शकत नाही. पोस्टाबाहेरचं. ते आठवायला लागले की मागे पाणी दिसतं.'

'तू काय म्हणालीस मग?' मी विचारलं.

'मलाही ठरवता येत नाही म्हटलं. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं माझ्याकडे होती ती म्हातारी. आता तिच्या मुलीकडेही आहे.'

'आणि तुला? अजून ऐकू येतं?'

ती म्हणाली, 'आता ते बोलतात. दारात उभे राहून. मे बोय. मी हज्जारदा ऐकलंय गं, आणि मला अजून कळत नाही, ते शिकलेला धडा म्हणून दाखवतायत की सांगतायत.'

तिने क्लास पुन्हा सुरू केला. शरीर साथ देतंय तोवर शिकवणार म्हणते. जाणं-येणं-निघणं हा धडा मात्र आता तिची एक जुनी विद्यार्थिनी घेते. त्या तासाला मावशी बाहेरच्या बाकावर बसते, वही-पुस्तक काही न घेता. खालचा छापखाना गेला, तिथे आता कपड्यांची शोरूम आहे, त्यामुळे आतला शब्दन् शब्द बाहेर ऐकू येतो. आत मुलं एका सुरात तीच वाक्यं म्हणत असतात, मी निघालो, तू निघालास, तो निघाला. एकदा मी तिला न्यायला लवकर गेले होते. म्हटलं, चल, इथे कशाला बसतेस ऐकत? तर तिने बोट ओठांवर ठेवलं आणि मला शेजारी बसायची खूण केली.